एकविसाव्या पानावरचा गोल

आमची आई वाचनालयाची पुस्तकं खराब करायची, हे आधीच कबूल करतो. बावड्यातल्या वाचनालयाचं पुस्तक वाचून झालं की एकविसाव्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक गोल काढायची. वाचलेलंच पुस्तक परत घरी येऊ नये म्हणून. अण्णा, म्हणजे आमचे वडील, तिला चिडवायचे. त्यांनी जन्मात पेपरापलीकडं काही वाचलं नव्हतं.

आई गेली. महिन्याभरानं अण्णा मला म्हणाले, "तिचा गोल असल्यालं एखादं पुस्तक आण की."

मग दर शनिवारी माझं तेच काम. कपाटापुढं उभं राहायचं आणि एकेका पुस्तकाचं एकविसावं पान उघडत सुटायचं. वर्षभर असं चाललं आणि श्रावणात गोल संपले. तीन शनिवार सगळी कपाटं पालथी घातली, एक पुस्तक मिळेना. अण्णा जेवताना नुसतं विचारायचे, "न्हाई घावलं?" आणि अर्धं ताट तसंच बाजूला सारायचे.

चौथ्या शनिवारी मी तिथंच पेन्सिल काढली आणि एका जाड कादंबरीत स्वतःच गोल काढला.

अण्णांनी आठ दिवसांत ती वाचली. परत देताना एकविसावं पान उघडलं आणि गोलावर बोट ठेवलं. मी मान खाली घातली.

"म्होरल्या खेपंला जरा फिका काढ," ते म्हणाले. "शेवटी शेवटी तिच्या हातात जोर कुठं हुता."