पोहोचली असं मानलेली नोटीस

या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या न्यायालयाच्या प्रमुख माननीय कात्रिन मॅडम, व्यासपीठावरील सन्माननीय न्यायाधीश, आजचे सत्कारमूर्ती हेल्दुर कांग्रो साहेब, शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी हेल्मीबाई, वकील मंडळी, आणि मागे उभ्या असलेल्या माझ्या कचेरीतल्या सहकाऱ्यांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. साहेबांचा वक्तशीरपणा, साहेबांची शिस्त, हे सगळं आधीच्या वक्त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. मी दुसरंच सांगणार आहे. काल साहेबांना विचारलं, सांगू का? म्हणाले, "सगळं सांगा. मध्ये बोलणार नाही."

नऊ वर्षांपूर्वी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मी कायद्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंध लिहीत होते. आठवडाभर इथे कारकुनी, शनिवारी विद्यापीठासाठी तार्तूची बस. विषय साधा: नोटीस माणसाच्या हाती पडली नाही, तरी ती पोहोचली असं कधी मानायचं? त्यासाठी आपल्याच न्यायालयाच्या साठ जुन्या फायली काढल्या. सदतिसावी फाईल साल्मे राउदसिक या बाईंची निघाली.

भाऊ वारल्यावर त्यांच्याकडे आलेल्या घरावर त्यांचा भाचा दावा सांगत होता. नोटीस गेली तेव्हा साल्मेबाई खुब्याचं हाड मोडून इस्पितळात होत्या. पोस्टमननं ती शेजारणीला दिली. शेजारणीनं पावतीवर स्वतःचं नाव लिहून सही केली आणि नोटीस कुठल्याशा खणात ठेवली. पावती परत आली, फाईलवर 'पोहोचली' असा शिक्का बसला आणि साहेबांनी एकतर्फी निकाल दिला. बाई कुबड्या घेऊन आल्या तोवर मुदत टळली होती. निकाल रद्द करण्याचा त्यांचा अर्ज फेटाळला. घर गेलं.

त्या शिक्क्याखालची सही माझी होती.

पावतीवरचं परकं नाव मला तेव्हा दिसलं होतं का? मंडळी, मला आठवत नाही. आणि हे न आठवणंच मला एका जागी बसू देईना. कपडे वाळत घालताना, बसमध्ये, ऑफिसात दुसऱ्याच कुणाच्या फाईलवर शिक्का मारताना हात अडायचा. माझे यजमान एन्देल म्हणाले, "काढून टाक ती फाईल. साठाच्या एकोणसाठ झाल्या तर कोण मोजतंय?" मी काढली. दोन दिवसांनी परत घातली. असं तीनदा झालं.

शेवटी साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, प्रबंधात तुमचा एक निकाल आहे."

"चांगला म्हणून, की वाईट म्हणून?"

"वाईट म्हणून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "परवानगी मागायला आलात?"

"नाही. सांगायला आले."

"सांगून झालं ना? जाताना दार लावून घ्या."

पुढचे तीन आठवडे फाईल क्रमांकाखेरीज एक शब्द नाही. मी जेवणाची जागा बदलली. नोकरी जाते की काय, असंही वाटून गेलं. साहेब, हसू नका, खरंच वाटलं होतं!

जून महिन्यात तार्तूला प्रबंधाची तोंडी परीक्षा होती. अशा परीक्षेला कुणीही येऊन बसू शकतं, हे ठाऊक होतं. पण मागच्या रांगेत साहेब दिसले आणि मी हातातले कागद टेबलावर ठेवून दिले. माझी मांडणी झाल्यावर परीक्षक मार्गुस यांनी पान उघडलं.

"तुम्ही लिहिता, 'कारकुनाने पावती न वाचता शिक्का मारला.' न वाचता मारला, हे तुम्हाला कसं कळलं? फायलीत तसं कुठेच नाही."

खोटं बोलता आलं असतं. 'तसा अंदाज आहे' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"कारण तो शिक्का मी मारला," मी म्हटलं.

"मग वाचली नव्हती, हे आठवतं तुम्हाला?"

"नाही. वाचली असती तर मारला नसता, असं मानायची माझी इच्छा आहे."

"इच्छा म्हणजे पुरावा नव्हे, बाई."

"नव्हे. ते वाक्य मी मागे घेते."

"आणि न्यायाधीशांनी पावती बघायला हवी होती का?"

मी मागच्या रांगेकडे बघितलं नाही. "हवी होती. आम्ही दोघांनीही."

मला 'चांगला' असा शेरा मिळाला, 'उत्कृष्ट' नव्हे. बाहेर साहेब उभे होते. अभिनंदन वगैरे काही नाही. एवढंच विचारलं, "त्या बाई आता कुठे राहतात?"

पुढच्या रविवारी आम्ही दोघं गेलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि त्या खुब्यानं अधू. साहेब दारातच म्हणाले, "साल्मेबाई, माझा निकाल चुकला. आता तो फिरवता येत नाही. तरी तुम्हाला तोंडावर सांगायला आलो." मी शिक्क्याचं सांगितलं.

बाई म्हणाल्या, "भाच्यानं घर विकलं. घेणाऱ्यानं सफरचंदाची सगळी झाडं पाडली. तुमच्या माफीचं मी आता काय करू?" मग त्यांनीच खुर्च्या पुढे ओढल्या. "उभे का? बसा. कॉफी ठेवते." कॉफी दिली, राय नावाच्या धान्याचा काळा पाव दिला. माफ केलं, असं मात्र म्हणाल्या नाहीत. शेवटपर्यंत म्हणाल्या नाहीत.

परतताना साहेबांनी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली. स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "माल्लेबाई," म्हणाले, "अशा आणखी किती असतील?"

सोमवारी सकाळी ते स्वतः तळघरात उतरले. त्यांच्या तोवरच्या अकरा वर्षांच्या फायली, एकेक पावती. दोन हिवाळे गेले. अशा आणखी चार सापडल्या. चारही घरी साहेब स्वतः गेले. एके ठिकाणी दार उघडलं गेलं नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

हे त्यांच्या गौरवपत्रात लिहिलेलं नाही, म्हणून सांगितलं.

साहेब, तुमचे आभार मानते. मंडळी, तुम्ही शांतपणे ऐकलंत, तुमचेही. निरोपाच्या दिवशी चुकांचा पाढा वाचणं कुणाला रुचलं नसेल, तर त्यांनी पोटात घालावं. आणि बोलण्याच्या ओघात एखादा तपशील चुकीचा गेला असेल, तर मात्र पोटात घालू नका. मला येऊन सांगा.