बॉलवाला माऊस आणि नदीचा काठ

सासरे: हात लावू नका! मेलेल्याला आणखी मारू नका, जावईबापू.

जावई: मेलेला नाहीये तो. बाबा, तुम्ही मध्येच केबल उपटलीत.

सासरे: उपटली. पडद्यावरचा बाण नाहीसा झाला, माऊसचा दिवा विझला. घरात काही बिनसलं की मी आधी मेन स्विच बंद करतो. चाळीस वर्षं हीच पद्धत आहे आणि घर अजून उभं आहे.

जावई: काही बिनसलं नव्हतं. माऊसच्या आतला प्रोग्रॅम बदलत होतो. दहा सेकंदांचं काम. तुम्ही सातव्या सेकंदाला ओढलीत.

सासरे: आणि तुम्ही मला न विचारता पहिल्या सेकंदाला हात घातलात. मी आत चहा टाकायला गेलो होतो. तोही तुमच्यासाठी.

जावई: विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात.

सासरे: चोरही हेच सांगतात.

जावई: कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये हवी ती सोय नव्हती. हा नवा मोफत आहे, उघडा आहे. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलाय. ज्याला हवा त्याने वाचावा, हवा तसा बदलावा.

सासरे: जगभरच्या लोकांनी! आमच्या इमारतीतल्या चार शहाण्यांनी मिळून लिफ्टची पाटी लिहिली, तर त्यात पाच चुका निघाल्या. आणि सोय कसली हो? अंगठ्याने बॉल फिरवायचा, बाण जातो. अकरा वर्षं जातोय. आज तुम्ही आलात आणि थांबला.

जावई: तुम्ही काढून दिलेला मागचा नकाशा परत का आला?

सासरे: कोण म्हणालं परत आला?

जावई: प्रिंटरच्या ट्रेमध्ये पडला होता. वर लाल शाईने लिहिलं होतं, ‘नदीचा काठ नीट नाही. पुन्हा असं आल्यास काम दुसरीकडे देऊ.’

सासरे: दुसऱ्याचे कागद वाचायची सवय तुमच्या घराण्याची, की ही तुमची स्वतःची कमाई?

जावई: प्रिंटर दुरुस्त करायला तुम्हीच बोलावलं होतं.

सासरे: प्रिंटर दुरुस्त करायला. वाचायला नाही. आणि काम देणाऱ्या त्या साहेबाला काय कळतंय? जुन्या कागदी नकाशावरून काठ गिरवायचा असतो. नदीचा काठ वाकडाच असतो.

जावई: वाकडा असतो. थरथरत नसतो.

सासरे: तोंड सांभाळा.

जावई: सांभाळतो. उद्या बारा वाजता नवा नकाशा द्यायचाय ना? मग आधी हा जिवंत करू. फार अवघड नाही. खालचं झाकण मी काढलंय. आत हे बारीक बटण आहे, ते दाबून धरायचं, सोडायचं नाही, आणि तेवढ्यात केबल परत जोडायची. जोडायची जागा टेबलाखाली मागच्या बाजूला आहे. मी खाली जातो. तुम्ही बटण धरा.

सासरे: जा. निदान डोकं तरी खाली जाईल.

(जावई टेबलाखाली.)

जावई: धरलंत?

सासरे: धरलंय.

जावई: जोडतोय... नाही आलं. सुटलं तुमच्याकडून. पुन्हा धरा.

सासरे: सुटलं नाही. तुम्हालाच भोक सापडत नसेल. लग्नात तुम्हाला स्वतःच्या बुटाची नाडी सापडत नव्हती.

जावई: बाबा, घट्ट धरा.

सासरे: घट्टच धरलंय!

जावई: टिकटिक ऐकू येतेय मला इथे. बटण दबतंय, सुटतंय, दबतंय.

सासरे: घड्याळ असेल.

जावई: या खोलीत घड्याळ नाहीये. दुसऱ्या हाताने धरून बघा.

सासरे: दुसराही तसाच आहे.

जावई: बरं.

सासरे: बरं काय? वर या. टेबलाखालून माझ्याशी बोलू नका. काय बरं?

जावई: मला माहीत होतं, बाबा. हीच सोय होती. बॉलची बारीक थरथर माऊसने सोडून द्यायची आणि खरी हालचाल तेवढी पुढे पाठवायची. तेवढ्या चार ओळी मी त्या प्रोग्रॅममध्ये घातल्या.

सासरे: थरथर बारीक की मोठी, हे तुम्हाला कसं कळलं?

जावई: प्रिंटर दुरुस्त केला त्या दिवशी तुम्ही तासभर काम करत होतात. बाण कसा हलतो, ते कॉम्प्युटरवर नोंदवून घेतलं.

सासरे: माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन, माझ्या हाताची मोजणी केलीत! असली पाळत पोलीसही ठेवत नाहीत. आणि मग घरी जाऊन बायकोला सांगितलं असेल, तुझा बाप संपला.

जावई: नाही सांगितलं.

सासरे: का? एवढी सोन्यासारखी संधी!

जावई: तुम्ही तिला सांगितलं नव्हतं म्हणून.

सासरे: ...सरका.

जावई: कुठे?

सासरे: बटण तुम्ही धरा. केबल मी जोडतो. केबल खुपसायला हात स्थिर लागत नाही, जोर लागतो. आणि सासरा टेबलाखाली गेला, हे बाहेर कळलं तर प्रिंटरमध्ये तुम्हालाच घालून छापीन.

जावई: गुडघे जपून.

सासरे: गुडघ्यांची मोजणी करू नका. धरलंत? हं... घुसली.

जावई: आला, कॉम्प्युटरला माऊस दिसला! नव्या प्रोग्रॅमची फाईल जातेय. आता काही झालं तरी केबल ओढू नका.

सासरे: दिवा विझला तरी?

जावई: विझला तरी.

सासरे: मोजा मोठ्याने. तुमच्या मनातल्या मोजण्यावर माझा विश्वास नाही.

जावई: ...आठ, नऊ, दहा. झालं. दिवा लागला. या वर, काठ गिरवून बघा.

सासरे: हं.

जावई: कसा आहे?

सासरे: बॉल जड झाल्यासारखा वाटतोय.

जावई: रेघ?

सासरे: रेघ रेघेसारखी आहे. हात हलतोय आणि ती हलत नाहीये. आगाऊ आहे, तुमच्यासारखीच.

जावई: फाईलमध्ये एक आकडा आहे. थरथर वाढली तर तो वाढवायचा. फाईल उघडीच आहे, कोणालाही बदलता येईल.

सासरे: कोणालाही नको.

मुलगी: अगं बाई! बाबा, शर्टाला एवढी धूळ? मी भाजी घेऊन येईपर्यंत तुम्ही दोघं भांडलात की काय?

सासरे: भांडलो. तुझ्या नवऱ्याने माझा माऊस मारला होता.

मुलगी: आणि आता?

सासरे: चालतोय. पण प्रिंटरचं काही खरं नाही. महिन्याच्या महिन्याला यांना पाठवत जा. एकट्यांनाच.