गार्डबाबूचं बोटीचं लायसन

...अन् वरून आमचा नीलेश विचारते, "पापा, रायपुर में समंदर है कहाँ?" नाही आहे! माहीत आहे मले! पण नव्या राजधानीत तलाव तं आहे, तलावात मोटरबोट आहे, अन् ते चालवाले लायसन लागते... भलं होवो त्या हिरालालचं, नाहीतर मी कायचा कप्तान!

तुमाले सांगतो, बत्तीस वर्षं मालगाडीचा गार्ड मी. बत्तीस वर्षं शेवटचा डबा! समोर काय येऊन राहिलं ते कधी दिसलंच नाही, जे गेलं तेच दिसलं. म्हटलं, मरायच्या आधी एकदा आपल्या हातानं काहीतरी चालवीन. तं आमची सत्यभामा म्हणे, "काहून? पोहता येते काय तुमाले?"

दोन खेपा नापास! दुसऱ्यांदा तं घाटालेच धडकलो, परीक्षा घेणाऱ्या साहेबाचा चष्मा पाण्यात. पण हिरालाल, महानदीवर नाव चालवणारा केवट, अभनपूरहून रोज सायकलनं येऊन शिकवे. चहाशिवाय काही घेतलं नाही त्या देवमाणसानं. भलं होवो त्याचं!

तिसरी खेप, शेवटची. साहेब बसले. "चलिए." मी काय केलं? सवयीनं उभा राहिलो, मागं पाहिलं, तोंडानं शिट्टी मारली, हिरवा रुमाल हलवला... अन् बसलो वाट पाहत. गाडी सुटेचना! साहेब माह्याकडं पाहते, मी साहेबाकडं. घाटावरून हिरालाल वरडला, "गार्डबाबू, ड्राइवर घलो तुमन हव!" अरे हो! ड्रायव्हरही मीच!

वाटलं, गेलं लायसन... पण मागं पाहिलं तवा घाटाले बांधलेला दोर दिसला होता ना! तो सोडला, मंग मोटार चालू केली. साहेब म्हणे, "सुबह से दो लोग रस्सी समेत चल दिए. पीछे देखने वाले आप पहले हैं." पास! रडलो हो मी, लाइफ जॅकेटवर नाक पुसलं!

काल सत्यभामाले बसवलं. पुढच्या पाटावर, पदर सावरून, महाराणीवानी. मान वळवून म्हणते, "अहो, इकडं पुढं या ना! तुमी तिकडं काहून?"

आता काय सांगू तिले? बोटीची मोटार असते मागं... चालवणारा बसते मागं! हिरालाल म्हणे, "पाछू ले सब्बो दिखथे, बाबू." मागून सगळं दिसते ना, बायको दिसते, तलाव दिसते, भलं होवो त्याचं... पण कप्तान होऊन बसलो कुठं? शेवटच्याच डब्यात!