सासऱ्यांनी सरळ केलेली फळी

...आणि वर सगळे मलाच सुनावतात, "एवढी डोक्यात राख घालून घ्यायला झालंय काय? फळीच तर होती!" फळी? अहो, फळी? तुम्हाला सांगतो, फळी स्वयंपाकघरात असते, डबे-बरण्या ठेवायला! माझा होता स्नोबोर्ड! दोन्ही पाय त्याच्यावर पट्ट्यांनी आवळायचे आणि बर्फाच्या डोंगरावरून खाली सुटायचं, जीव मुठीत धरून, असा स्नोबोर्ड! त्याची दोन्ही टोकं वर वळलेली असतात. असतात म्हणजे असतातच, कारखान्यातून तशीच येतात, मी काही ती पाण्यात भिजवून वाकवली नव्हती! पण हे आमच्या अप्पांना कोण सांगणार?

अप्पा म्हणजे माझे सासरे. बेचाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. दारं, खिडक्या, कपाटं. त्यांनी केलेलं दार कधी कुरकुरत नाही, हे मी स्वतः कबूल करतो, उगाच खोटं कशाला बोला. आता आमच्याकडेच असतात, मागच्या खोलीत. खोली कसली, कारखानाच! रंधे, करवती, भिंतीवर ओळीनं टांगलेले, लाकूड आवळायचे शिकंजे... आणि नजर अशी, की घरात पाऊल टाकलं की आधी माणसाकडे बघत नाहीत, चौकटीकडे बघतात. माझ्या लग्नात मला पहिला प्रश्न काय विचारला असेल? "जावईबापू, तुमचा डावा खांदा थोडा खाली आहे का?" तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं! वाकडं काही दिसलं की यांचे हात शिवशिवतात.

आणि मी काय करतो? मी चष्म्याच्या काचा घासतो! वीस वर्षं! म्हणजे बघा, माझा अख्खा धंदा बाकावर चाललाय. काचेला बाक आहे म्हणून लोकांना दिसतं. स्वतः अप्पा जो चष्मा लावून पेपर वाचतात ना, त्या काचांना बाक मी दिलाय, या हातांनी! आणि त्याच चष्म्यातून त्यांनी माझ्या बोर्डाकडे पाहिलं आणि म्हणाले, ही वाकलीय...

थांबा, थांबा, आधी दुसरं सांगतो, नाहीतर तुम्हीही म्हणाल, फळीच तर होती.

माझी लेक. एकोणीसची झाली. या सुट्टीनंतर दुसऱ्या शहरात शिकायला जाणार, चार वर्षांसाठी. बर्फावर पोरगी अशी चालते... चालते कसली, उडते! शाळेच्या सहलीत शिकली आणि मग मलाही शिकवायला घेतलं. दोन हिवाळे मी तिच्यासमोर त्या डोंगरावर जे जे करता येतं ते केलं. पाठीवर आलो, पोटावर आलो, एकदा तर मी नुसता आलो आणि बोर्ड मागाहून आला. पण पोरगी हसली नाही हो. म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी मधल्या उतारावरून आपण दोघं बरोबर खाली येऊ. न पडता." मी म्हटलं, शब्द! आणि शब्द दिला म्हणून वर्षभर, तुम्हाला सांगतो, रोज संध्याकाळी कामावरून आलो की बैठकीच्या खोलीत गालिचा, गालिच्यावर पाइपचा जाड तुकडा, पाइपवर बोर्ड आणि बोर्डवर मी. खालच्या मजल्यावरच्या बाई दोनदा वर येऊन गेल्या, "तुमच्याकडे रोज कोण पडतं?" म्हणून. मीच पडायचो. पण दहाव्या महिन्यात पडायचा थांबलो! चार मिनिटं उभा राहायचो, हात न हलवता! का? तर ती जाणार. पुढच्या हिवाळ्यात ती कुठे, आम्ही कुठे. एकदा तरी तिच्या बरोबरीनं खाली यायचं होतं मला. आता सांगा, होती का ती फळी?

शुक्रवारी सकाळी निघायचं. बुधवारी सकाळी मी काय केलं, बोर्डाचे पायपट्टे सोडवले, तेलपाणी करायला बाजूला ठेवले, बोर्ड पुसून गॅलरीत भिंतीला टेकवून उभा केला आणि कामावर गेलो. एवढाच माझा गुन्हा! तेवढ्यात अप्पा गॅलरीत गेले. त्यांना काय दिसलं? त्यांना दिसली एक चांगली, रुंद, गुळगुळीत फळी, आणि जावयानं ती उघड्यावर टाकून तिचं पार वाटोळं केलेलं, दोन्ही टोकं वर आलेली!

संध्याकाळी मी घरी आलो तर घरात शांतता. आमची ही चहा आपणहून घेऊन आली. बरोबर बिस्किटं. मी म्हटलं, काहीतरी मोडलंय. वीस वर्षांच्या संसारात हिनं बिस्किटं आपणहून दोनदाच दिलीत, एकदा गाडी खांबाला लागली तेव्हा आणि एकदा हिची आत्या महिनाभर राहायला आली तेव्हा. मी मागच्या खोलीत गेलो. अप्पा स्टुलावर बसलेले, मांडीवर हात ठेवून. आणि जमिनीवर... माझा बोर्ड. दोन ठिकाणी! म्हणजे अर्धा इथे आणि अर्धा तिथे!

"जावईबापू," अप्पा म्हणाले, अगदी शांतपणे, डॉक्टर बाहेर येऊन बोलतात ना त्या आवाजात, "फळीला बाक आला होता. म्हटलं तुम्ही परवा निघणार, लाज नको चारचौघांत. पालथी घातली, दोन स्टुलांवर आडवी ठेवली, ओला फडका, वरून गरम इस्त्री. जरा ऐकायला लागली होती. मग वर शिलाईचं मशीन ठेवलं. मशीन पुरेना, म्हणून मी बसलो. सरळ येत होती हो! अगदी येत आली होती! आणि मग कडाड झालं." आणि पुढे काय म्हणाले असतील? "लाकूड खोटं निघालं. कुठून आणलं होतंत?"

खोटं निघालं! सासरे आहेत, पंचाहत्तरी झालीय, त्यात माझ्या भल्यासाठी केलेलं, बोलणार काय? मी बाहेर आलो आणि सगळं हिच्यावर काढलं. तर ही म्हणते कशी, "अहो, अप्पांना आधीच किती वाईट वाटलंय. दुपारी जेवले नाहीत नीट. आणि फळीच तर होती!"

आणि लेक? लेक आली, दोन तुकडे पाहिले, एक उचलला, खाली ठेवला, म्हणाली, "असू दे बाबा. मी मैत्रिणींबरोबर वर जाईन. तू खाली कॉफी पी." कॉफी पी! वर्षभर पाइपवरून आपटलो तो काय कॉफी प्यायला? ती चिडली असती ना, तर मला बरं वाटलं असतं. तिनं समजून घेतलं हो, ते जास्त लागलं.

तुम्ही म्हणाल, भाड्यानं घ्यायचा. घेतला असता! पण माझा पाय सत्तेचाळीस नंबरचा. साध्या बोर्डवर उभा राहिलो की पुढून बोटं बाहेर, मागून टाचा बाहेर, वळताना बर्फात रुततात आणि मी तोंडावर! मला रुंद बोर्ड लागतो. डोंगरावरच्या भाड्याच्या दुकानात फोन केला. तिकडून एक झोपाळू आवाज, "रुंद... रुंद दोनच आहेत... सुट्टीचा आठवडा आहे ना काका... दोन्ही गेले... तुमचा पाय थोडा लहान नाही का होणार?" नाही होणार! सत्तेचाळीस वर्षांत नाही झाला, तो शुक्रवारपर्यंत कसा होईल? नवा मागवायचा तर नऊ दिवस. निघायला दीड.

गुरुवारी सकाळी सुट्टी टाकायची म्हणून मालकांना फोन केला. म्हटलं, साहेब, घरात फार वाईट झालंय, आज येत नाही. मालक घाबरले, "काय झालं? घरी सगळे बरे आहेत ना?" म्हटलं, बोर्ड मोडला. "कसला बोर्ड?" सांगितलं. तर तिकडून, "अरे देवा, मला वाटलं कोणी गेलं! फळीच तर होती!"

मग दुरुस्तीवाला. दोन्ही तुकडे काखेत मारून गेलो, वाटेत लोक बघतायत. त्यानं एक तुकडा हातात घेतला, दुसरा घेतला, दोन्ही जुळवून पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. "यावर कोण बसलं होतं?" म्हटलं, सासरे. "आणि?" म्हटलं, शिलाईचं मशीन. त्यानं दोन्ही तुकडे हळूच काउंटरवर ठेवले, माझ्याकडे सरकवले आणि म्हणाला, "साहेब, अखंड होता तोवर बोर्ड. आता फळीच आहे." म्हणजे जो एक माणूस या गावात बोर्ड म्हणेल असं वाटलं होतं, तोही तेच!

घरी आलो. तुकडे कचऱ्यात टाकायला निघालो तर अप्पा दारात उभे. माफी नाही, काही नाही. हात पुढे केला, "इकडे द्या." तुकडे घेतले, मागच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आणि मग जी करवत सुरू झाली... दिवसभर! ठाकठूक, खरखर, मध्येच बाहेर येऊन घरात काहीतरी शोधायचे, पुन्हा आत. मी बॅग भरतोय आणि दर ठोक्याला त्या बंद दाराकडे बघतोय. म्हटलं, करतायत आता शेल्फ! माझ्या बोर्डाचं शेल्फ होणार, भिंतीला लागणार, आणि मी जन्मभर त्याच्यावरून मीठ काढून घेणार!

संध्याकाळी दार उघडलं. बाहेर आली... गाडी. बर्फावरची घसरगाडी! माझ्या बोर्डाचे दोन अर्धे शेजारी शेजारी, दोन्हींची वळलेली टोकं पुढच्या बाजूला, वर आडव्या पट्ट्या, लाकडात लाकूड बसवलेलं, एक खिळा नाही, आणि पट्ट्यांवर ऐसपैस बैठक. बैठकीला एक पितळी मूठ. मी म्हटलं, ही मूठ ओळखीची वाटते. वाटणारच! माझ्या टेबलाचा खण होता तो! आतली माझी कागदपत्रं पलंगावर काढून ठेवलेली, नीट, काटकोनात!

आणि आता ऐका, यापुढे ऐका, म्हणजे तुम्हाला कळेल मी का चिडतो. अप्पांनी त्या वळलेल्या टोकावरून हात फिरवला, माझ्याकडे बघितलं आणि मला, मला समजावायला लागले, "पुढचं टोक असं वर हवं, बरं का जावईबापू. सपाट ठेवलं तर बर्फात रुतेल. बाक मुद्दाम असतो." बाक मुद्दाम असतो! कोण सांगतंय? कोणाला सांगतंय? भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं, पण भिंतीवर शिकंजे होते.

एवढ्यावर थांबलं? अप्पा यायचेच नव्हते सुट्टीला. पण म्हणाले, "नवी गाडी आहे. पहिल्या दिवशी कारागीर बरोबर हवा." चढले की मोटारीत! घसरगाडी मांडीवर घेऊन!

डोंगरावर पोचलो. घसरगाडी मधल्या उतारावर चालत नाही, पाटीच होती. चालते कुठे? बच्चेकंपनीच्या उतारावर! म्हणजे वर्षभराची तपश्चर्या आणि रांगेत माझ्या पुढे कोण, तर नाक गळणारी, गुडघ्याएवढी पोरं, मध्ये मी, मागे सासरे. दूर वर, मधल्या उतारावर, माझ्या लेकीची नारिंगी टोपी दिसत होती. एकटीच उभी होती माथ्यावर, मैत्रिणी कधीच सुटल्या होत्या. मी मान फिरवली. बघवेना.

आमचा नंबर आला तर उतारावरचा रखवालदार, शिट्टीवाला, आडवा. "हे काय आहे?" म्हटलं, घसरगाडी. "घरी केलेली? घरी केलेल्या गाड्या चालत नाहीत." बरं, हा स्नोबोर्ड आहे. "स्नोबोर्ड इथे अजिबात चालत नाही. नक्की काय आहे हे?" मागे पोरं ओरडायला लागली. अप्पा मागून कोपर मारतायत, सांगा ना, सांगा ना. आणि तेवढ्यात कोणीतरी माझ्या शेजारी येऊन धापा टाकत थांबलं. नारिंगी टोपी! तिनं पायपट्टे सोडले, स्वतःचा बोर्ड बाजूच्या बर्फात उभा खोचला आणि म्हणाली, "बाबा, मध्ये जागा कर. आपलं बरोबर यायचं ठरलं होतं ना?"

आता तुम्हीच सांगा, मी काय करणार होतो? शिट्टीवाला समोर उभा, लेक मध्ये येऊन बसलेली. तीन दिवस ज्याच्यासाठी जगाशी भांडलो, ते सगळं गिळलं, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणालो, "अहो साहेब, फळीच तर आहे!"

तो गोंधळला. डोकं खाजवलं. "फळी? मग... फळीचा नियम नाही." आणि झाला बाजूला!

सुटलो! पुढे मी, मध्ये लेक, मागे अप्पा! काय पळत होती ती, काय सांगू तुम्हाला! लेक माझ्या कानात किंचाळतेय, मी किंचाळतोय, गुडघ्याएवढी पोरं दोन्ही बाजूंना पांगतायत, आणि ती दोन टोकं, माझ्या बोर्डाची ती दोन वळलेली टोकं, बर्फ कापत चाललीयत... आणि खाली येऊन अलगद थांबलो. कोणी पडलं नाही. लेकीनं मागून माझ्या गळ्यात हात टाकले, "बाबा, न पडता!" डोळ्यांत पाणी आलं, थंडीचं नव्हे, उगाच थंडीवर कशाला ढकलू?

वळून म्हटलं, अप्पा, जिंकलात! तर अप्पा पाठ करून बसलेले. हाताची घडी. मान ताठ.

"अप्पा, काय झालं?"

"फळी?" अप्पा म्हणाले. "चारचौघांत? एक खिळा न मारता केली मी ही, दिवसभर खपून, आणि तुम्ही फळी म्हणता तिला? जावईबापू, फळी?"

सुट्टी संपली, घरी आलो, आज चौथा दिवस आहे. सासरे माझ्याशी बोलत नाहीत. आमची ही म्हणते, "तुम्हीच चुकलात, माफी मागा." आणि मी, तुम्हाला सांगतो... मागणार आहे.