पाणी बघितलं का?

...आणि वर मलाच विचारतात, "पाणी बघितलं का?" अरे, बघितलं! रोज बघतो! माणसं सकाळी उठून आरशात तोंड बघतात, मी रेडिएटरमध्ये पाणी बघतो! तुम्हाला सांगतो, बावीस वर्षांची गाडी, आमच्या वडिलांची. जाताना त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि शेवटचं म्हणून काय बोलले असतील? आईला सांभाळ? भावंडांशी नीट वाग? छे! म्हणाले, "रोज सकाळी, गार इंजिनावर, झाकण उघडून पाणी बघायचं." आणि गेले. अकरा वर्षं झाली. लग्नाचा वाढदिवस दोनदा विसरलो, पाणी एकदाही विसरलो नाही. (हिला तेही पाठ आहे.)

तर ही गाडी गेले आठ महिने उकळतेय. आणि साधीसुधी नाही हो... दुसऱ्या चौकात तापमानाचा काटा चढायला लागतो, तिसऱ्यात लाल रेघेला टेकतो आणि चौथ्यात बॉनेटखालून फुस्सकन असा वाफेचा लोट, की एकदा मागच्या स्कूटरवाल्यानं गाडी बाजूला घेऊन शर्टाच्या सुरकुत्या काढून घेतल्या. कॉलरसकट! खोटं वाटतं? नका ठेवू विश्वास. पण तो वास... शी! गंजाचा, गोडसर, कोमट... शिळ्या पाकात खिळे उकळावेत तसा. हाताला असा चिकटतो, की तीनदा साबण लावून जेवायला बसलो तरी घास तोंडाशी नेला की इंजिन आठवतं.

बरं, उकळते तर उकळते. थंडीचे दिवस, निदान हीटर तरी गरम असावा? नाव नको! पुढे भट्टी पेटलेली आणि हीटरमधून बर्फावरून आल्यासारखा वारा! हा कुठला न्याय, सांगा? शेजारी आमची ही स्वेटरवर स्वेटर, त्यावर शाल, पायांत माझे मोजे, नाक लालबुंद... आणि दातांवर दात वाजवत काय विचारते? "अ-अ-अहो... प-पाणी ब-बघितलं का?"

गेलो कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे. त्याची तपासायची तऱ्हा ऐका. बॉनेट उघडलं, कान लावला, "हं" म्हणाला, रेडिएटरमधल्या त्या तपकिरी राड्यात बोट बुडवलं आणि... चाटलं! अहो, चाटलं! आणि हा डोळे मिटून, जीभ टाळूला लावून म्हणतो, "थर्मोस्टॅट." म्हणजे पाण्याच्या वाटेवरची झडप. इंजिन तापलं की उघडते, ती म्हणे चिकटलीय. बदलली. उकळली. परत गेलो, परत बोट, परत जीभ. "वॉटर पंप." बदलला. उकळली. "पंखा." बदलला. उकळली! हा माणूस गाडी दुरुस्त करतोय की रश्श्याचं मीठ बघतोय? आणि दर वेळी बोट पँटीला पुसत, मान तिरकी करून, "साहेब, पाणी बघता ना रोज?"

त्यात आमचा मेव्हणा. हा दर तीन वर्षांनी गाडी बदलतो आणि दर तीन वर्षांनी मला शहाणपण शिकवतो. "भावोजी, गाडी म्हणजे भावना नव्हे. एक फोन करतो, भंगारवाला दारातून उचलून नेईल." उचलून नेईल! जशी काही जुनी गादी!

आणि आमच्या हिनं, तुम्हाला सांगतो, भावाची बाजू घेतली. शाल सोडली, मोजे काढले, माझ्या हातात ठेवले आणि म्हणाली, "शनिवारी आईकडे जायचंय. टेकडीचा चढ, सात वळणं. न उकळता पोचलो, तर गाडी राहिली. उकळली, तर दादा भंगारवाल्याला घेऊन फाटकात उभा असेल. तिथंच किल्ली द्यायची."

आता कसं सांगू... त्या स्टीअरिंगवर वडिलांच्या अंगठ्यांनी घासून दोन गुळगुळीत खळगे पडलेत. माझे अंगठे बरोबर तिथंच बसतात. ते भंगारात? एका हीटरपायी?

शुक्रवारी सकाळीच गेलो रेडिएटरवाल्या काकांकडे. बाजारामागे पत्र्याची शेड, भिंतीवर जुने रेडिएटर टांगलेले आणि खाली काका स्टुलावर, हात मांडीवर. चाटणं नाही, कान लावणं नाही, बॉनेटला बोटसुद्धा लावलं नाही! काय काय बदललं ते ऐकलं आणि विचारलं, "रोज सकाळी काय करता?"

मी छाती काढून म्हटलं, "पाणी बघतो!"

"करून दाखवा."

इंजिन गार होईपर्यंत तासभर बसवून ठेवलं मला. मग दाखवलं. फडकं घेतलं, झाकण उघडलं, आत डोकावलो, लोटाभर पाणी ओतलं, झाकण ठेवलं, फिरवलं... खट्! हात झटकले.

"पुढे?"

"पुढे काय? झालं."

"अजून फिरवा."

"अहो काका, बसलं ना! खट् झालं ना!"

"अजून."

मनगटात कळ आली, पण फिरवलं. आणि तुम्हाला सांगतो... खट्! दुसरा! झाकणाला दोन खटके! भिंतीवरचे सगळे रेडिएटर माझ्याकडे बघतायत असं वाटलं मला.

"पहिला खटका झाकण पडू नये म्हणून," काका म्हणाले, "दुसरा दाब धरायला. दाब नसला की पाणी लवकर उकळतं, बाहेर पडतं, त्याच्या जागी हवा शिरते. हीटरच्या नळीत हवा अडकली, की तिथं गरम पाणी फिरत नाही. मग ऊब कुठून येणार? एका खटक्यावर कधीपासून ठेवता?"

कधीपासून... पडदे लावताना माझं मनगट मुरगळलं तेव्हापासून. त्याआधी करकचून आवळायचो, खटके कधी मोजलेच नव्हते. आठ महिने! म्हटलं, उगाच घट्ट कशाला, उद्या सकाळी उघडायचंच आहे ना परत! अहो, मी रोज पाणी बघत होतो आणि रोज बघूनच ते घालवत होतो! शी! स्वतःचीच इतकी किळस मला कधी आली नव्हती. आणि वडील तरी बघा... उघडायला सांगितलं, बंद कसं करायचं ते सांगायच्या आधीच गेले!

काकांनी राडा उपसला, नवं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, भरलं, हीटर पूर्ण उघडा ठेवून सगळी हवा काढली. गडगड, बुडबुड... आणि हीटरमधून ऊब! मग म्हणाले, "आता पाणी बघायचं नाही."

"अहो, पण वडील..."

"बाजूला जादा पाण्याची पांढरी बाटली आहे, तिच्यावर रेघ आहे, पाणी कुठवर आहे ते बाहेरून दिसतं. झाकणाला हात लावायचा नाही."

शनिवारी निघालो. पहिल्या वळणाला हिनं शाल काढली. दुसऱ्याला वरचा स्वेटर. चौथ्याला खालचा. सहाव्याला मोजे माझ्या मांडीवर फेकले. सातव्याला खिडकी उघडून पदरानं वारा घेत होती. काटा? मधोमध! झोपलेल्या मांजरासारखा! फाटकात मेव्हणा, शेजारी भंगारवाला हातात दोर घेऊन. मेव्हण्यानं बॉनेटवर तळहात ठेवला, नाक जवळ नेऊन हुंगलं, चेहरा पडला. म्हणतो, "भावोजी, होतं काय नेमकं?"

मी घसा खाकरला. "फार गुंतागुंतीचा बिघाड होता रे. दाब, हवा, अभिसरण... तुझ्या डोक्यावरून जाईल."

आणि मागून ही, मोजे गोळा करता करता, शांतपणे, "झाकण नीट लावत नव्हते."

काकांनी, मी शेडमधून निघाल्या निघाल्या, बिलावर लिहिलेल्या नंबरवर घरी फोन केला होता! "वहिनी, गाडी ठणठणीत आहे. साहेबांना फक्त लांब ठेवा." भंगारवालासुद्धा हसला हो! गाडी बघायला आलेला माणूस, त्यानं गाडी सोडून माझ्याकडे असं बघितलं, की घाईनं मी गाडीत जाऊन बसलो. म्हटलं, चुकून मलाच उचलायचा.

तर गाडी राहिली. आता रोज सकाळी ही खाली जाते, बॉनेट उघडते, बाटलीवरची रेघ बघते. मी वर, स्वयंपाकघराच्या खिडकीत. अकरा वर्षांची सवय, सुटते होय? आज सकाळी राहवलं नाही, खिडकीतून अर्धा बाहेर वाकलो आणि ओरडलो, "अगं, पाणी बघितलंस का?"

खालून ओरडली, "तुम्ही दूध बघा!"

वळून बघितलं... गेलं होतं उतू.