रंगरावांच्या शेगडीतली राख

मंडळी, सावरून बसा! पेटीवाले, जरा थांबा. आज एकच प्रश्न. आपण वस्तूची पूजा करतो, ती तिची काळजी म्हणून, की काळजी घ्यायची टाळता यावी म्हणून? हां! पुढच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली!

ऐका तर. गडहिंग्लजकडे आमचे एक स्नेही आहेत, रंगराव निकम. त्यांच्या जावयानं परदेशातून एक शेगडी धाडली. शेगडी कसली – झाकणाचं लोखंडी पिंपच ते! लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या, खडूच्या तुकड्याएवढ्या गोळ्या डब्यात ओतायच्या, बटण दाबायचं. आतला स्क्रू फिरतो, गोळ्या पुढं ढकलतो, तळाच्या वाटीत विस्तव पेटतो, पंखा वारा घालतो. फुंकणी नको, डोळ्यांत धूर नको! वांगी भाजा, कणसं भाजा! (तुम्ही आणखी काय भाजता ते देवळात सांगू नका.)

रंगराव रोज सकाळी शेगडी पुसायचे. बाहेरून! झाकणात तोंड बघून भांग पाडायचे, इतकी लख्ख! आणि आत? वाटीत राख, जाळीला तेलाची पुटं. मालनवहिनी म्हणायच्या, "अहो, आतली राख काढा की!" रंगराव म्हणायचे, "बाहेर दिसतीय का? मग!"

आता मुद्द्याचं. रंगरावांचा धाकटा भाऊ सिदू. नऊ वर्षं अबोला! का? रंगरावांनी लेकीच्या लग्नाची पत्रिका सख्ख्या भावाला पोस्टानं धाडली. दोन गल्ल्या पलीकडं! अक्षत द्यायला स्वतः गेले नाहीत. सिदू लग्नाला आला नाही. मग यांनी उंबरा ओलांडला नाही, त्यानं मान वळवली नाही. हसू नका, तुमच्या घरातली नावं मला ठाऊक आहेत!

यंदा वहिनींनी सिदूला गाठलं. "दसऱ्याला जेवायला या, भावजी." तो म्हणाला, "येतो. पण दादानं स्वतःच्या हातानं रांधून वाढलं, तर बसतो. न्हाईतर सोनं देऊन दारातनंच माघारी. परत बोलवू नगा." वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढीच संधी होती, मंडळी!

रंगराव म्हणाले, "शेगडीवर मीच भाजतो!" आणि आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेत शेगडी बसवली. झेंडूची माळ! हळदकुंकू! देवाची दृष्टी आतपर्यंत जावी म्हणून गोळ्यांच्या डब्याचं झाकण उघडं! वर मूठभर अक्षता आणि – फाट्! नारळ फोडला तोही डब्यावरच! पाणी कुठं गेलं? आत! वहिनी म्हणाल्या, "पुसून तरी घ्या, राख तरी काढा!" "पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नसतं! धर्म कळतो का तुला?" धर्म!

दसऱ्याची दुपार. सिदू आला. बेकरीच्या भट्टीवर सव्वीस वर्षं काढलेला माणूस, ओसरीच्या कडेला टेकला. चप्पल पायातच! मीही होतो, पाटावर, उपाशी. रंगरावांनी बटण दाबलं. घर्रर्र... खट्! पुन्हा. घर्रर्र... खट्! धुराची एक बट आली नि विझली. रंगराव तापले, शेगडी गार! आधी जावयाला बोल लावला, मग कंपनीला, मग विजेला. वहिनी हळूच म्हणाल्या, "गॅसवर करते मी." "नाही! मीच करणार!" वांगी कच्ची, एक वाजला, दोन वाजले.

सिदू उठला. मला वाटलं, गेला! वहिनींनी दाराची चौकट धरली. तो शेगडीपाशी गेला, झाकण उघडलं.

"दादा, राख कवा काढलीस?"

रंगराव फडक्यानं शेगडी बाहेरून पुसायला लागले.

"वायर काढ आधी. पान्हा दे."

डबा उपसला. ओल्या गोळ्या फुगून त्यांची पेंड झालेली, स्क्रूभोवती घट्ट बसलेली, मधे अक्षता! वाटी राखेनं काठोकाठ! सिदूनं चप्पल काढली, बाह्या वर केल्या, मांडी घातली. थोरले भाऊ बघत उभे होते. मग धोतर खोचून शेजारी बसले. दोघं कोपरापर्यंत काळे! खरवडताहेत, झटकताहेत!

अन् रंगराव खाली मान घालून म्हणाले, "सिदू, पत्रिका पोस्टानं धाडली. चुकलं माझं."

सिदूचा हात थांबला. पण निकमच तो! म्हणाला, "नऊ वर्षं लागली व्हय रे? धर, हा स्क्रू नीट धर."

कोरड्या गोळ्या ओतल्या. बटण दाबलं. पेटली! चार वाजता भरीत झालं. रंगरावांनी पहिला घास भावाच्या तोंडात घातला, तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. भुकेचं म्हणा हवं तर!

मंडळी, रंगरावांना मनसोक्त हसलात. आता घरी जाल. गाडीला हार आहे, तिजोरीला कुंकू आहे, भिंतीवर सगळ्या भावांचा एकत्र फोटोही आहे, काच पुसलेली! फोटोतल्या कुणाशी तुम्ही बोलत नाही? मनातल्या मनात नाव घ्या, मी ऐकत नाही. आत्ता आरती होईल, अंगारा वाटतील. कपाळाला राख लावायला आपण धक्काबुक्की करतो! पण आज देवळाबाहेर पडल्यावर सरळ घरी जाऊ नका. ते नाव घेतलंत ना, दोन गल्ल्या पलीकडं त्याचं दार आहे. आधी तिथं जा.