गुलाबी बैल

खोटं कशाला बोलू, इम्रानवर मी लई जळायचो. दोघंही घरी बसून डिझाइनच करतो. पण त्याचं पहिल्याच झटक्यात पास, माझं सातव्यांदाही नाय.

एकदा चहा पाजून गुपित काढलंच.

"भाई, एक चूक मुद्दाम ठेवायची. गिऱ्हाईक तेवढी काढायला लावतं आन् खूश होतं."

झालं! लासूर स्टेशनच्या बियाण्याच्या दुकानाचा बोर्ड केला, त्यात मधोमध मुद्दाम एक गुलाबी बैल घुसवला.

दुकानदार काका बघतच राहिले. "बैल एक नंबर! बाकीचं काढा."

आता बोर्डावर दुकानाचं नाव, हा एवढा थोरला बैल आन् कोपऱ्यात माझं नाव. इम्राननं बोर्डासमोर उभं राहून फोटो पाठवला. "भाई, एकच चूक राहिली. कोपऱ्यातलं नाव काढ."